झरणी, शाई व हस्तलिखितांचें आयुष्य

१

हस्तलिखितांच्या याद्या करितांना आपण पत्रसंख्या, लांबीरुंदी, पृष्ठावरील ओळी, लिपि, पूर्णापूर्णता व पुष्पिका यांची नोंद काळजीपूर्वक करितों. कागदाचा पोत व त्यांतील जलचिन्ह यांकडेही आतां लक्ष जाऊं लागलें आहे. परंतु ज्या दोन वस्तूंच्या संयोगानें अक्षर उमटलें त्या लेखणी व शाई यांच्याकरितां यादींत बहुधा रकानाच नसतो. फार झालें तर ‘शाई काळी’ एवढे दोन शब्द असतात. जुन्या पोथ्यांच्या बाबतींत हें कांहींसें चालून गेलें, कारण बोरू व काजळाची शाई हीं दोन्ही बहुतेक ठिकाणीं गृहीत धरतां येत होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र तसें करितां येत नाहीं. प्रथम पोलादी निबेचा टाक व त्यामागून झरणी, म्हणजे फाउंटन पेन, लिहिणारांच्या हातीं आली. आणि झरणीनें केवळ लेखणी बदलली नाहीं, तर शाईही बदलली. या बदलामुळें कागदाची परीक्षा करण्याचें एक नवें साधन संशोधकास मिळालें. त्याबरोबरच, अलीकडचे कागद त्यापूर्वीच्या कागदांहून अल्पायुषी ठरण्याचें भयही उत्पन्न झालें. या दोन्ही गोष्टींचा विचार येथें कर्तव्य आहे.

२

आधीं बोरूची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. बोरू म्हणजे तिरकस टोंक कापून मध्यें चीर दिलेली वेताच्या जातीची पोकळ काडी. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेस वाहिला आहे. नाना देशींचे बरू आणावे, त्यांच्या तोडणीचे निरनिराळे प्रकार जाणावे, हें सांगून त्यांनीं लेखकापुढें एक कठीण आदर्श ठेविला आहे: ग्रंथाच्या आरंभीं जें अक्षर काढलें तेंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावें, सारा ग्रंथ एकाच टाकानें लिहिला आहे असें वाटावें. हा आदर्श कठीण कां, हें बोरूनें चार ओळी लिहून पाहणारास तत्काळ कळतें. बोरूचें टोंक झिजतें, तें पुन्हा पुन्हा छाटावें लागतें, आणि दर छाटणीस रेघेची जाडी पालटते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, बोरूस पोटांत शाई साठवून ती बेतानें सोडतां येत नाहीं. टोंकाच्या चिरेंत व आतल्या अंगास जेवढी शाई धरून राहते तेवढ्यांत कांहीं शब्द उमटतात; पुढें अक्षर फिकें होऊं लागतें व लेखणी पुन्हा दौतींत बुडवावी लागते. दौतींत कापसाचा किंवा चिंधीचा बोळा ठेवीत, तो टोंकास फाजील शाई लागूं नये म्हणून. तरीही प्रत्येक बुडीनंतरचें पहिलें अक्षर भरदार व शेवटचें विरळ, हा क्रम बोरूच्या लेखनांत कोठें ना कोठें दिसतोच. चांगला लेखक तो झांकण्याचा यत्न करी. घाईत लिहिणारा कारकून तसें करीत नसे. मोडी लिहितांना शिरोरेषा ओळभर आधीं ओढून मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत. म्हणून मोडी कागदांत शिरोरेषेचा गडद-फिका क्रम एक व अक्षरांचा दुसरा, असे दोन स्वतंत्र क्रम एकाच ओळींत आढळतात. ओली अक्षरें सुकविण्यासाठीं वर बारीक वाळू पसरीत. तिचे कण जुन्या पत्रांच्या घड्यांत अद्यापि सांपडतात, व ते झटकून टाकूं नयेत हें संग्राहकांस सांगणें अवश्य आहे.

३

लेखणीच्या पोटांतच शाई भरावी व ती गळूं न देतां लिहितां यावें, ही कल्पना युरोपांत प्रथम निघाली असा समज आहे, तो खरा नाहीं. फातिमी खलीफा अल्-मुइझ्झ (राज्यकाल इ. स. ९५३ ते ९७५) यानें अशी कलम करविल्याची हकीकत त्याच्या पदरींच्या काजी अल्-नुमान यानें लिहून ठेविली आहे. ती कलम उलटी धरली तरी शाई सांडत नसे व हात डागाळत नसे, असें तिचें वर्णन आहे. पुढें जर्मनींत डॅनिएल श्वेंटर यानें १६३६ च्या आपल्या ग्रंथांत पिसाच्या लेखणीच्या पोटांत शाई साठविण्याची युक्ति दिली. रुमानियाचा पेत्राके पोएनारू यानें पॅरिस येथें १८२७ सालीं अशा लेखणीचें फ्रेंच पेटंट मिळविलें. परंतु या सर्वांची अडचण एकच होती. शाई एकतर येत नसे, किंवा आली म्हणजे आवरत नसे.

या अडचणीचें कारण शाईंत नसून हवेंत आहे. बंद नळींतून द्रव बाहेर पडावयाचा तर तितकीच हवा आंत शिरली पाहिजे. ती शिरली नाहीं तर शाई अडकते, एकदम शिरली तर शाई भळकन बाहेर येते. न्यूयॉर्क येथील लुइस एडसन वॉटरमन यास १८८४ च्या फेब्रुवारींत जें पेटंट मिळालें त्यांत निबेखालच्या दांडीस, जिला आपण जीभ म्हणतों, बारीक चिरा पाडल्या होत्या. केशाकर्षणानें शाई चिरांतून टोंकाकडे उतरावी व त्याच मार्गानें हवा थोडी थोडी मागें जावी, अशी ही योजना होती. आजची झरणीही तत्त्वतः याच योजनेवर चालते. वॉटरमन हा विम्याचा दलाल होता, करारावर शाईचा डाग पडून त्याचें गिऱ्हाईक हातचें गेलें व त्या संतापांतून हा शोध लागला, अशी एक कथा सर्वत्र छापलेली असते. ती पुढील काळांतील जाहिरातींतून पसरली. तिला समकालीन आधार नाहीं. बखरींतल्या कथा पारखून घेणारांनीं कारखान्यांच्या कथाही तशाच पारखून घ्याव्या.

४

आतां झरणी भरण्याच्या रीती. या रीतींचा इतिहास संशोधकास निरुपयोगी वाटेल. पण प्रत्येक रीतीची खूण कागदावर राहते, म्हणून त्या थोडक्यांत देतों.

पहिली रीत ड्रॉपरची. झरणीचें पुढील अंग पिळून सोडवावयाचें, काचेच्या नळीनें दांडींत थेंब थेंब शाई सोडावयाची व अंग पुन्हा घट्ट बसवावयाचें. हींत शाई पुष्कळ मावते व बिघडण्यासारखें कांहीं नसतें, म्हणून आपल्या देशांत ही रीत फार दिवस चालली. तिचा दोष असा कीं, शाई सरत आली म्हणजे दांडींत हवा अधिक होते. हाताच्या उबेनें ती हवा फुगते व उरलेली शाई टोंकावाटे ढकलते. म्हणून अशा झरणीचा डाग भरल्याबरोबर पडत नाहीं, तर पुन्हा भरण्याची वेळ जवळ आली म्हणजे पडतो.

दुसरी रीत रबरी पिशवीची. अमेरिकेंतील फोर्ट मॅडिसनचा जवाहिऱ्या वॉल्टर शेफर यानें १९०८ सालीं तरफेच्या योजनेचें पेटंट घेतलें. दांडीच्या बाजूची तरफ उचलली म्हणजे आंतील पट्टी पिशवीस दाबते व हवा बाहेर जाते. तरफ सोडली म्हणजे पिशवी पूर्ववत् फुगतांना शाई ओढून घेते. येथें निब बुडवितांना तिच्या मध्यावरील भोंकही शाईखालीं गेलें पाहिजे, आणि तरफ सोडल्यावर झरणी लगेच बाहेर न काढतां दहा अंक मोजण्याइतकें थांबलें पाहिजे. तसें न केल्यास पिशवी अर्धी हवेनेंच भरते. आंत काय भरलें हें बाहेरून दिसत नसल्यामुळें, वाक्याच्या मध्येंच शाई संपणें हा या झरणीचा स्वभावच होय.

तिसरी रीत दट्ट्याची. शेपटाकडील खुंटी फिरविली म्हणजे दट्ट्या मागें सरतो व शाई सरळ दांडींत येते. जर्मनींतील पेलिकन कंपनीची अशी झरणी १९२९ सालीं बाजारांत आली. तिला रबरी पिशवी नको, व पारदर्शक पट्टींतून शाई किती उरली तें दिसतें. रीत कोणतीही असो, भरल्यावर निब व तिचा गळा फडक्यानें पुसणें, दोनचार थेंब दौतींत परत सोडणें, आणि शाई बदलतांना आधीं थंड पाण्यानें झरणी धुणें, हे नियम सर्वत्र सारखे. गरम पाणी वापरूं नये. जुन्या झरण्यांची घोटलेल्या रबराची दांडी त्यानें फिकटते. हा शेवटचा नियम मोडल्याच्या, म्हणजे न धुतां शाई बदलल्याच्या, खुणा कागदांवर वारंवार आढळतात.

५

या माहितीच्या आधारें कागदाची परीक्षा कशी करावी? भिंगाखालीं पाहतां पुढील भेद दिसतात.

बोरूची रेघ टोंकाच्या तिरक्या कापामुळें जाड-बारीक होते. दिशा पालटली म्हणजे जाडी पालटते, दाब देण्याचा तीशीं संबंध थोडा. पोलादी निबेची रेघ दाबानें जाड होते, कारण दाबल्यावर निबेच्या दोन पाकळ्या फांकतात. शाई कमी असेल तेथें या पाकळ्यांच्या दोन समांतर चाकोऱ्या व मध्यें कोरी जागा असा चरा दिसतो. पोलादी निबांचा धंदा इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें १८२० नंतरच्या दशकांत वाढला. म्हणून असा चरा असलेला कागद शिवकालीन किंवा ऐन पेशवाईंतला म्हणून पुढें आल्यास त्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. झरणीच्या निबेच्या टोंकास कठीण धातूचा गोल मणी बसविलेला असतो, त्यामुळें तिची रेघ सर्व दिशांनीं जवळजवळ एकाच जाडीची येते.

दुसरा भेद शाईच्या क्रमाचा. बोरू व टाक यांत गडद-फिका क्रम ओळीओळीस फिरतो. झरणींत तो कित्येक पृष्ठांत एकदां येतो. त्यामुळें झरणीनें लिहिलेल्या मजकुरांत लेखकाची बैठक ओळखण्याची सोय आहे. झांकण उघडें ठेवून लेखक विचार करीत बसला तर टोंकावरील शाईंतलें पाणी उडतें व पुढचें पहिलें अक्षर अधिक गडद उमटतें. असें अक्षर वाक्याच्या मध्यें आढळल्यास लेखक तेथें थांबला होता असें म्हणतां येतें. शाईचा रंग वाक्याच्या मध्येंच निळसर काळ्याचा निळा झाला, तर तेथें झरणी पुन्हा भरली. समासांतील दुरुस्त्यांचा रंग मजकुराच्या आरंभीच्या रंगाशीं जुळतो कीं शेवटच्या रंगाशीं, यावरून दुरुस्ती लिहितांलिहितां केली कीं मागाहून, हें ठरवितां येतें. ग्रंथकारांचे कच्चे खर्डे, रोजनिशा व सभांचीं टिपणें यांचा पौर्वापर्यक्रम लावण्यास हें साधन मोलाचें आहे. समर्थांनीं लेखकापुढें ठेविलेला एकसारखेपणा झरणीनें यंत्राच्या बळावर साधला खरा, पण त्यांतूनही लिहिणाराचें मन डोकावतेंच.

येथें एक मर्यादा सांगणें प्राप्त आहे. ही परीक्षा निषेधास समर्थ आहे, विधानास नाहीं. झरणीचा कागद अठराव्या शतकाचा असूं शकत नाहीं, हें निश्चयानें म्हणतां येतें. पण बोरूचा कागद जुनाच असला पाहिजे, असें म्हणतां येत नाहीं. बोरू आजही विकत मिळतो, आणि बनावट कागद करणारास तो वर्ज्य नाहीं.

६

आतां शाईकडे वळूं. आपली जुनी शाई काजळाची. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक व पाणी घालून ती दीर्घकाळ घोटीत; कांहीं कृतींत लाखेचें पाणी घालीत, त्यामुळें ती ओलाव्यासही दाद देत नसे. काजळी हा शुद्धप्राय कोळसा. प्रकाश, हवा व काळ यांचा त्याजवर परिणाम होत नाहीं. पोथीचा कागद पिवळा पडतो, कसर लागते, कडा झडतात; पण उरलेल्या तुकड्यावरचें अक्षर लिहिलें त्या दिवसाइतकेंच काळें असतें, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे.

परंतु हीच शाई झरणींत घालतां येत नाहीं. काजळी पाण्यांत विरघळत नाहीं, नुसती तरंगते. तिचे कण व डिंक जिभेच्या केसाएवढ्या चिरांत सुकून बसले म्हणजे झरणी कायमची तुंबते. म्हणून झरणीला पूर्ण विरघळणारी शाई हवी. अशा शाईचे दोन वर्ग आहेत. पहिला, मायफळ किंवा तत्सम तुरट द्रव्य व हिराकस यांची लोहयुक्त शाई. ही लिहितांना फिकी असते व हवा लागून कागदाच्या तंतूंतच काळी होते. लिहितांना दिसावी म्हणून तींत निळा रंग घालीत, तीच ‘ब्लू-ब्लॅक’. ती पाण्यानें सहसा जात नाहीं. परंतु तींतील आम्ल व फाजील लोह कागदास खातें. अक्षराभोंवतीं तपकिरी कडा येते, मागील बाजूस अक्षर उमटतें व शेवटीं अक्षराच्या आकाराचेंच भोंक पडतें. झरणीची निब सोन्याची करण्याचें एक कारण हें आम्लच होय. साध्या पोलादास तें गंजवितें.

दुसरा वर्ग अ‍ॅनिलीन जातीच्या कृत्रिम रंगांचा. विल्यम पर्किन यास १८५६ सालीं लंडन येथें पहिला असा जांभळा रंग सांपडला व त्यामागून अनेक रंग निघाले. अर्थात् अशा रंगाचा कागद १८५६ पूर्वीचा नव्हे, ही आणखी एक निश्चित सीमा झाली. हे रंग झरणीस फार मानवतात. तुंबत नाहींत, गंजवीत नाहींत, कपड्यावर सांडले तर धुऊन निघतात. पार्कर कंपनीची क्विंक शाई १९३१ सालीं निघाली, तिच्या धुतां येणाऱ्या निळ्या शाईचा हाच गुण सांगितला जाई. त्याच १९३१ सालीं मुंबईस दांडेकर बंधूंनीं घोडा छापाच्या शाईच्या पुड्या व वड्या काढण्यास आरंभ केला. तोच धंदा पुढें कॅम्लिन या नांवानें वाढला व झरणीची कॅमल शाई घरोघर गेली. बंगाल्यांत मैत्र बंधूंनीं १९३४ सालीं सुलेखा शाई काढली. स्वदेशीच्या चळवळीनें विलायती दौत घराबाहेर घालविली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण शाई स्वदेशी असो वा विलायती, जी शाई कपड्यावरून पाण्यानें जाते ती कागदावरूनही पाण्यानें जाते, आणि उन्हानें तर पाण्याविनाच जाते.

‘झरणी’ हा शब्द झरणें या क्रियापदापासून झाला. झरणें हें प्राकृतांतील झर-द्वारा संस्कृत क्षर् धातूशीं जोडलें जातें. क्षर् म्हणजे पाझरणें, तसेंच नाश पावणें. आणि जें क्षरत नाहीं तें अक्षर. नांव ठेवणारास हा श्लेष अभिप्रेत नसेल, परंतु अर्थ मात्र बरोबर लागू पडतो.

७

यांतून जी विपरीत स्थिति उत्पन्न झाली आहे तिकडे वाचकांचें लक्ष मुख्यतः वेधावयाचें आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यास १९१० सालीं स्थापन झालें. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत प्रसिद्ध केले. मूळ मोडी कागदांच्या बाळबोध नकला गांवोगांव हातानें उतरून घेण्याचा हा काळ. आणि टाक व झरणी यांनीं बोरूस मागें टाकलें तोही हाच काळ. त्या पिढीनें व तिच्या मागून आलेल्या हौशी संग्राहकांनीं केलेल्या नकलांपैकीं सर्व कांहीं छापल्या गेल्या नाहींत. मूळ कागद वाटण्यांत, आगींत, पुरांत वा रद्दींत गेला व नक्कल तेवढी उरली, अशीं उदाहरणें प्रत्येक संग्राहकास ठाऊक आहेत. तेथें नक्कल हेंच मूळ होय. म्हणजे काजळाच्या शाईनें लिहिलेलें अडीचशें वर्षांचें पत्र ठणठणीत आहे, आणि त्याची शंभर वर्षांपूर्वीची नक्कल दिवसेंदिवस फिकी होत आहे, असा हा उलटा न्याय आहे. आपण जुन्यास जपतों व नव्यास टिकाऊ समजतों. शाईचा हिशेब नेमका याच्या उलट आहे.

यास्तव संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, यादींत लेखणी व शाई यांचे दोन स्वतंत्र रकाने असावे: बोरू, टाक वा झरणी, काजळी, लोहयुक्त वा कृत्रिम रंग. शाईचा वर्ग संशयित असेल तेथें अवरक्त प्रकाशांत छायाचित्र घ्यावें. काजळी त्यांत काळीच राहते, लोहयुक्त शाई लांब लहरींत विरळ होत जाते, कृत्रिम रंग बहुधा दिसेनासे होतात. या परीक्षेंत कागदास थेंबही लावावा लागत नाहीं. दुसरी, काजळाच्या शाईच्या पोथ्यांवर जे ओले उपचार करितात ते झरणीच्या कागदांवर परीक्षेवांचून कदापि करूं नयेत. एका हाताच्या ओलाव्यानें पान कोरें होईल. तिसरी, झरणीनें लिहिलेलीं पत्रें चौकटींत घालून भिंतीवर लावूं नयेत. पूज्य पुरुषांचीं हस्ताक्षरें उजेडांत मांडून आपण त्यांचा सन्मान करीत नसून त्यांस पुसून टाकीत असतों. चौथी, छायाचित्रें घेण्याचा क्रम कागदाच्या वयावरून न लावतां शाईवरून लावावा: आधीं कृत्रिम रंगाचे, मग लोहयुक्त, शेवटीं काजळीचे. पांचवी, आपण स्वतः नोंदी करितांना शिसपेन्सिल वापरावी, कारण तिचें शिसें म्हणजे वस्तुतः कार्बनच. झरणीचाच आग्रह असेल तर आतां तिच्यासाठीं अतिसूक्ष्म कणांची काजळीची शाई मिळते, ती घ्यावी व झरणी सुकूं न देतां वरचेवर धुवावी.

पोथी लिहून पुरी झाल्यावर जुना लेखक शेवटीं प्रार्थना करी, तिचा आशय हस्तलिखितें हाताळणारांस परिचित आहे: तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून हिचें रक्षण करावें, मूर्खाच्या हातीं देऊं नये. त्यानें उन्हाचें नांव घेतलें नाहीं, कारण आपल्या शाईची त्यास खात्री होती. झरणीनें लिहिलेल्या कागदांस अशी पुष्पिका नसते. म्हणून त्यांच्या वतीनें तें एक नांव वाढवून घेणें व तदनुसार वागणें, हें आतां ज्यांच्या कपाटांत ते कागद आहेत त्यांचें काम आहे.